फिरंगकोठीची नोंद

शके अठराशे चार, म्हणजे इंग्रजी १८८३ सालच्या जानेवारीत, ठाण्याच्या कचेरीतून मला एक जाड बांधणीची वही मिळाली आणि तिच्या जोडीला काळुराम शिपाई मिळाला. वहीत पाच रकाने होते. वास्तू कोणती, कोणी बांधली, केव्हा बांधली, पुरावा काय, सद्यःस्थिती काय. जिल्ह्यात जुन्या वास्तू किती आहेत हे सरकारला एकाएकी जाणून घ्यायचे होते. त्यात जुन्याचे प्रेम किती आणि खाडीवरच्या नव्या बांधकामाला लागणाऱ्या दगडाची काळजी किती, हे विचारण्याचा माझा हुद्दा नव्हता. नियम साधा होता. केव्हा बांधली आणि पुरावा काय, हे दोन रकाने कोरे राहिले, तर शेवटच्यात लिहायचे ‘पडीक’. पडीक म्हटले की दगड लिलावात.

कल्याण तालुका मी पंधरा दिवसांत उरकला. पांडवांनी एका रात्रीत बांधलेल्या वास्तू अकरा भरल्या. अकराही अपुऱ्या, कारण अकराही ठिकाणी कोंबडा वेळेआधी आरवला होता.

“रावसाहेब, पांडवांनी आधी ते कोंबडं कापून खायला हवं होतं,” काळुराम म्हणाला. “जिल्हा कसा देखणा झाला असता!”

डोंबिवलीच्या शिवारात एका शेतकऱ्याने घोड्यावर बसलेल्या वीराचा दगड दाखवला, ‘आमचे मूळपुरुष’ म्हणून हात जोडले, आणि आमची पाठ वळताच बैल पुन्हा त्यालाच बांधला. अंबरनाथच्या देवळाला मुंबईहून मंडळी आली होती, तीही मी मोजून ठेवली. माणसे चौदा, बैलगाड्या चार, देवळाभोवती फिरणे पाव तास, फराळ दोन तास. निघताना त्यातला एकेक जण देवळाकडे वळून ‘काय ते लोक होते!’ असे म्हणे आणि लागलीच घड्याळ काढी. तेव्हा माझे मत ठाम झाले होते, की जुन्या वास्तूत जुने दिवस वगैरे काही राहत नाहीत. दगड गप्प असतात. बोलतो तो दाखवणारा, आणि तोही समोर कोण उभा आहे ते बघून बोलतो.

या मताला सर्वांत बळकट आधार मला मिळाला तो मौजे खारशेतच्या ग्रेगरीकडून.

घोडबंदरच्या वाटेवर, ठाण्यापासून टांग्याने दोन तासांवर, खाडीला लागून खारशेत आहे. आम्ही पोचलो तेव्हा खाडीवरचे धुके उठलेले नव्हते. मिठागराच्या बांधावरून माणसे चालत होती, त्यांचे पाय दिसत नव्हते. एक मचवा पाण्यावर आहे की हवेत टांगला आहे ते कळत नव्हते. आणि या सगळ्या राखाडी मऊपणातून एकदम पुढे आली ती एक पांढरीशुभ्र, डोळे दिपवणारी, कोरी करकरीत इमारत. छप्पर नाही, कमानी अर्ध्या, भिंतीतून वडाची मुळे बाहेर आलेली. पण तीसुद्धा पांढरी.

“हे काय?” मी विचारले.

“कोठी!” दारात उभा असलेला ग्रेगरी म्हणाला. पन्नाशीचा, ठेंगणा, अंगात लांब हातांचा सदरा, हाताला कोपरापर्यंत चुना. “तुमी येणार म्हणून कळलं, तवाच आमी सगळे बसलो. सरकारचा माणूस येणार, घर असं काळं-शेवाळी कसं दाखवायचं? सात दिवस लागले, रावसाहेब. चुन्यासाठी सगळ्या गावानं शिंपले भाजले. तीन हात दिलेत, तीन!”

कचेरीतल्या जुन्या कागदात या कोठीबद्दल एकच ओळ होती. दर्शनी कमानीवर फिरंगी अक्षरांत साल कोरले आहे. ते कोणते, हे लिहून घेण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते.

“कमानीवर अक्षरं होती ना?”

“होती की! फार खोल होती ती. त्यांच्यात शेवाळ बसलेलं. आधी विटकरीनं घासून साफ केली, तरी निघेनात. मग म्हादू पाथरवटानं टाकी मारली. आता बघा, हात फिरवा. लोण्यासारखं!”

मी हात फिरवला. लोण्यासारखेच होते.

पाहुणा यायचा म्हणून घर सारवावे, तसे या भल्या माणसांनी अडीचशे-तीनशे वर्षे घासून टाकली होती. ज्या दोन अक्षरांवर सगळी कोठी तरणार, तीच नेमकी त्यांनी पाहुण्याच्या मानाखातर छिलून टाकली. काळुराम तोंड फिरवून खोकू लागला. तो हसत असला की खोकतो.

कोठीच्या मागल्या अंगाला दोन खोल्या तेवढ्या शाबूत होत्या, कौले घातलेल्या. त्यांत ग्रेगरी, त्याची बायको कार्मेल, मुलगा, तीन महिन्यांपूर्वी आलेली सून फिलोमेना आणि लग्न ठरलेली मुलगी व्हिक्टोरिया असे राहत. ग्रेगरीच्या पणजाला कोणी राखण म्हणून ठेवले होते. राखण ठेवणारा गेला, राखण राहिली. जमीन सरकारची, भिंती सरकारच्या. यांच्या नावावर फक्त चूल. त्या दोन्ही खोल्या कोठीच्याच मोठ्या भिंतीला टेकून होत्या. भिंत लिलावात गेली की खोल्या उभ्या राहणार नव्हत्या.

हे मी ग्रेगरीला स्पष्ट सांगितले. तो हसलाच. “साल नाय तर नाय. गोष्टी हायेत ना! चला, दाखवतो.”

आणि त्याने दाखवली. इथे कप्तान बसे, इथे त्याची मडमीण वारा घेई, या खिडकीतून तिने मोत्यांची माळ खाडीत फेकली. मुंबईहून रविवारी मंडळी येत, त्यांना तो हेच दाखवी. मी त्याला एक-दोन आडवे प्रश्न विचारले. तेव्हा उघडकीस आले, की इंग्रज पाहुणे असले तर मडमीण एका इंग्रज कैद्यावर भाळलेली असे. पारशी असले तर कप्तानाला दारू आणि गाण्याचा षोक असे. आणि गुजराती शेटजी सहकुटुंब आले, तर तोच कप्तान मासळीला शिवत नसे.

“अरे, एवढा पोर्तुगीज कप्तान, मासळी खात नव्हता?” काळुरामने विचारले.

“शेटजींच्या बाया नाक मुरडतात रे,” ग्रेगरी म्हणाला. “घरी आलेल्या माणसाला कशाला दुखवा?”

गावातली दुसरी चार माणसे त्याने साक्षीला आणली. चौघांनी कोठी बांधणाऱ्याची चार नावे सांगितली. ग्रेगरीचे धरून पाच. पुरावा म्हणून मी यातले काय लिहिणार होतो?

जेवायला कार्मेलने तांदळाची भाकर आणि सुक्या बोंबलाचे कालवण वाढले. मी ब्राह्मण नाही, आणि प्रवासात असलो की विटाळाचा हिशेब फार बारीक ठेवत नाही; पोटभर जेवलो. कार्मेल उंच, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी बाई. लाल चौकड्यांचे लुगडे, कानात सोन्याच्या जड बाळ्या. ग्रेगरी बडबडत असताना ती एकदाही मध्ये बोलली नाही. तो पान आणायला उठला तेव्हा म्हणाली,

“भाऊ, खरं सांगा. घर जाणार?”

“अजून लिहिलेलं नाही.”

“लिहाल कवा?”

“संध्याकाळी ठाण्याला परतल्यावर.”

“पुढल्या शनवारी व्हिक्टोरियाचं उंबराचं पाणी हाय,” ती म्हणाली. “रविवारी लगीन. या हिरीचं पाणी तिच्या डोक्यावर पडू द्या. माझ्या सासूच्या पोरींवर पडलं, तिच्या सासूच्या पोरींवर पडलं. मग काय पाडायचं ते पाडा.” मग तिने विचारले, “पण मग आमी जायचं कुठं?”

त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी घरच्या बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या न्हाणाचे पाणी डोक्यावरून आणतात, त्याला उंबराचे पाणी म्हणतात. मी मान हलवली आणि बाहेर आलो. त्या बाईच्या प्रश्नाला माझ्या वहीत रकाना नव्हता.

दुपार झाली होती. धुके कधीच विरले होते, पण त्याची सुस्ती मागे राहिली होती. मी मागच्या अंगणात एका पडक्या ओट्यावर टेकलो. समोर विहीर, विहिरीपासून खोल्यांपर्यंत तीसेक पावलांची मोकळी जागा, तिच्यात गवत आणि मधून गेलेली एक पायवाट. भरती चढत होती. पाणी खाजणाच्या दलदलीत शिरताना ऐकू येत होते, जणू कोणी दूरच्या खोलीत पोते ओढत नेत आहे. चुन्याचा पांढरा उजेड सगळीकडून अंगावर येत होता, आणि त्या उजेडात सावलीलाही कड राहिली नव्हती. डोळे जड झाले.

तेवढ्यात बायका पाण्याला आल्या. सात होत्या, डोक्यावर दुहेरी हंडे. भरून परत फिरल्या, एकीमागे एक. आणि वाटेच्या साधारण मध्यावर पहिली बाई खाली गेली.

पडली नाही. गुडघ्यात वाकली, मान ताठ ठेवून हळूच खाली झाली, दोन पावले तशीच चालली आणि पुन्हा वर आली. हंड्यातला थेंब सांडला नाही. तिच्यामागची आली, तीही तिथेच खाली, दोन पावले, वर. मग तिसरी. लाटेवरून एकापाठोपाठ होड्या जाव्यात तशा त्या जात होत्या, आणि बोलणे अखंड चालू होते. कोणाच्या तरी म्हशीबद्दल होते. त्यांच्यात एक आठेक वर्षांची पोर कळशी घेऊन होती. तिच्या डोक्यावर आणखी दोन पोरी उभ्या केल्या असत्या तरी कशाला लागल्या नसत्या. तीही वाकली.

मला वाटले, मी झोपेत आहे. बायका पुन्हा विहिरीवर गेल्या, पुन्हा भरून आल्या. या खेपेला मी बोटांवर मोजले. सातांपैकी सहा वाकल्या. सातवी, शेवटची, नवी सून फिलोमेना, बांबूसारखी सरळ निघून गेली. तिच्यामागून कुत्रा गेला, तोही सरळ.

थोड्या वेळाने ताडीचे मडके खांद्यावर घेऊन ग्रेगरी तिथून आला. सबंध सकाळ मला खोटे सांगणारा हा माणूस त्या जागी आला आणि मुकाट्याने वाकला. त्याला वाकायचे कारण नव्हते. समोर आभाळ होते.

मी उठून तिथे जाऊन उभा राहिलो. गवत, पायवाट, ऊन. दुसरे काही नाही. पण एक गोष्ट जवळून दिसली. दोन्ही बाजूंना एवढी मोकळी जागा असून पायवाट तिथे हातभर अरुंद झाली होती. अख्ख्या अंगणातून पसरून चालणारी माणसे त्या एका जागी एकामागे एक होत.

“काळुराम, खण.”

“काय सापडणार? माळ?”

“खण रे.”

वीतभर खणल्यावर पायाचे घडीव दगड लागले, वाटेच्या दोन्ही अंगांना सरळ रेषेत गेलेले. वाटेच्या अलीकडे-पलीकडे दोन चौकोनी खोबणी, दाराची चौकट बसवायला करतात तशा. इथे एके काळी भिंत होती. भिंतीत दार होते. दार बुटके असणार.

मी पाया पुन्हा मातीने बुजवायला लावला आणि कार्मेलला सहज विचारावे तसे विचारले, “इथे अंगणात कधी भिंत होती का हो?”

“भिंत? नाय बा. मी लगीन होऊन आले तवापासून मोकळंच हाय. सासू पण बोलायची, तिच्या येळेपासून मोकळंच.”

म्हणजे कमीत कमी साठ वर्षे. भिंत पडली, तिचे दगड कुठल्या तरी बांधाला गेले, ती पाहिलेले शेवटचे माणूस मातीत गेले. आणि तरी या घरातली माणसे दिवसातून दहा वेळा त्या दारातून वाकून जात होती, आणि आपण वाकतो हे त्यांना ठाऊक नव्हते.

त्या संध्याकाळी मी वही भरली नाही. ठाण्याला गाडी धरून घरी कल्याणला गेलो आणि माझ्या कुटुंबाला, गोदूबाईला, सगळे सांगितले. ती वालाच्या शेंगा सोलत होती.

“साहेबांना दाखवणार?”

“दाखवलंच पाहिजे. माझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवील?”

“मग त्या बायकांना मात्र कळू देऊ नका,” ती म्हणाली. “उखळात तांदूळ कांडताना मुसळाकडे बघितलं की हातावर बसतं. तुम्ही त्यांना एकदा सांगितलंत ना, की बायांनो तुम्ही इथे वाकता, झालं. पुन्हा त्यांना धड वाकता येणार नाही.”

एवढे रकाने भरूनही मला जे सुचले नव्हते ते तिने शेंगा सोलता सोलता सांगितले. काळुरामला मी शपथ घातली.

या नोंदीच्या कामावरचे आमचे साहेब मोजणीखात्याकडून आलेले होते. उंच, वयस्कर, मराठी बरे बोलणारे, आणि पुराव्याच्या बाबतीत सोनारासारखे. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

“महिपतराव, बायका वाकतात, हा पुरावा?”

“साहेबांनी एकदा पाहावे. शनिवारी त्यांच्याकडे पाण्याचा समारंभ आहे.”

“आणि मी येणार हे त्यांना माहीत असेल. नाही का?”

“आपण लग्नाचे पाहुणे म्हणून येणार, एवढेच माहीत असेल.”

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिले. “मी पुष्कळ पडकी घरं पाहिली,” ते म्हणाले. “प्रत्येक ठिकाणी तासभर उभा राहतो. वाटतं, आता कोणी तरी दार उघडून बाहेर येईल. कधी कोणी आलं नाही. ठीक. शनिवारी जाऊ. पण तिथं काही नसलं, तर तुम्ही माझ्यासमोर ‘पडीक’ लिहायचं.”

शनिवारी चारच्या सुमारास आम्ही पोचलो. पांढऱ्या भिंतींवर उतरते पिवळे ऊन पडले होते आणि कोठी चुन्याची न वाटता सायीची वाटत होती. अंगणात सगळे गाव. मडक्यावर कातडे ताणलेला घुमट वाजत होता. बायकांच्या अंगावर लाल-हिरवी लुगडी, केसांत आबोली. ग्रेगरी काळा कोट घालून पुढे आला आणि मला डोळा मारला.

मी काळुरामकडे पाहिले. काळुराम खोकू लागला.

“काय केलंस?”

“रावसाहेब, ताडी प्यायला बसवलं त्यानं... एकच गोष्ट निसटली तोंडातून...”

“काय काळजी करू नका,” ग्रेगरी माझ्या कानाशी म्हणाला. “चार दिवस बायांची तयारी घेतलीय. सायबापुढं अशा वाकतील, असं कुठंच बघितलं नसेल!”

मिरवणूक विहिरीवर गेली. घागरी भरल्या. हळद-तांदूळ वाहिले, गाणे झाले, त्यात नवऱ्याकडच्या मंडळींच्या नाकांची यथेच्छ चेष्टा होती. मग बायका परत फिरल्या आणि त्या जागेशी आल्या.

आल्या आणि थांबल्या. पहिलीने साहेबांकडे पाहिले, पदर सावरला आणि कमरेत एवढी वाकली, की घागरीतले अर्धे पाणी पुढे सांडले. तिच्यामागच्या दोघी एकदमच वाकल्या आणि एकमेकींवर आपटल्या. कोणी इथे वाकली, कोणी तीन पावले अलीकडे. एकजण वाकायची विसरली, म्हणून मागे येऊन पुन्हा वाकली. पोरी फिदीफिदी हसू लागल्या. घुमटवाल्याचा ताल गेला. गवत सगळे भिजले.

साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरे झाले असते.

“छान सलाम आहे,” ते हळू म्हणाले. “चला महिपतराव. वही काढा.”

मी वही काढली. काळुरामने दौत पुढे धरली. ग्रेगरी अजून आनंदात होता, काय झाले हे त्याला कळलेच नव्हते. मी लेखणी बुडवली. ‘प’ लिहिला.

कार्मेल सगळ्यांच्या मागे राहिली होती. चार दिवसांच्या तयारीला ती गेली नव्हती, हे मला नंतर कळले. घरात लग्न, तिला वेळ कुठला? मुख्य घागर तिच्या डोक्यावर होती, मुलीच्या डोक्यावर पडायची ती. तिच्यामागे फिलोमेना दुसरी घागर घेऊन, सून म्हणून पहिल्यांदाच या पाण्याला आलेली. कार्मेलचे कोणाकडे लक्ष नव्हते. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि दोन्ही हात घागरीला असल्याने ते तिला पुसताही येत नव्हते. हसणाऱ्या बायका बाजूला झाल्या. ती त्यांच्यामधून आली. उद्या लेक जाणार, एवढेच तिच्या चालण्यात होते.

त्या जागी ती गुडघ्यात वाकली, मान ताठ ठेवून खाली झाली. आणि मागे न बघता म्हणाली,

“फिलू, डोकं सांभाळ गं. खाली हाय.”

फिलोमेना, बांबूसारखी सरळ चालणारी ती पोर, वाकली. दोन पावले. मग दोघी वर आल्या आणि खोल्यांकडे निघून गेल्या.

घुमट थांबलाच होता. आता हसणेही थांबले. बायका त्या मोकळ्या जागेकडे पाहू लागल्या. कोणीतरी क्रूसाची खूण केली.

“काय म्हणाली ती?” साहेबांनी विचारले. मराठी येत असूनही विचारले.

“सुनेला म्हणाली, डोकं सांभाळ. दार बुटकं आहे.”

साहेब वाटेपर्यंत गेले. त्यांनी हात वर केला आणि कपाळाच्या उंचीवर हवेत फिरवला, अंधाऱ्या खोलीत माणूस अडसर चाचपतो तसा. तिथे उन्हात चुन्याचे कण तरंगत होते. किती वेळ ते तसे उभे होते कोण जाणे. भरती लागली होती आणि पाणी खाजणात शिरताना ऐकू येत होते. मला वाटले, त्या आवाजातच कोणी तरी पलीकडून हाक मारील आणि साहेब दारातून आत जातील. तसे काही झाले नाही. ते परत आले आणि मी लिहिलेला ‘प’ पाहून म्हणाले, “खोडा.”

“केव्हा बांधली, हे कळत नाही, साहेब.”

“कोरं ठेवा.”

“आणि पुरावा?”

“जे ऐकलं ते लिहा.”

मी लिहिले, ‘सासू सुनेला सांगते.’ आजवर सरकारी वहीत मी एवढे निराधार आणि एवढे खरे वाक्य लिहिलेले नाही. शेवटच्या रकान्यात साहेबांनी स्वतःच्या हाताने इंग्रजीत एक शब्द लिहिला आणि खाली सही केली. लिलावाच्या यादीतून कोठी निघाली.

ग्रेगरीला वाटले, चार दिवसांच्या तयारीचे चीज झाले. तो काळुरामला मिठी मारून नाचू लागला. मी त्याचा भ्रम मोडला नाही. रविवारच्या पाहुण्यांना तो यापुढे काय सांगेल, हे मला दिसतच होते.

मी खोल्यांशी गेलो. आत व्हिक्टोरियाच्या डोक्यावर पाणी ओतत होते आणि ती गारठून किंचाळत होती, बायका हसत होत्या. कार्मेल ओल्या हातांनी बाहेर आली.

“घर राहिलं,” मी म्हणालो.

ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, “काय लिवलं सायबानं?”

“‘राहती वास्तू.’ म्हणजे इथे माणसं राहतात.”

“ते तर हायेच,” कार्मेल म्हणाली. “आमी राहतोच ना. त्यात लिवायचं काय?” आणि आतून हाक आली तशी ती गेली.